ओळ देणारा

ये, फिनले. बूट राहू देत पायात, फरशी ओलीच आहे.
चहा टाकतो.
तू काय विचारायला आलायस ते मला
फाटक वाजलं तेव्हाच कळलं.
शनिवारी दुपारी काळा कोट चढवून
या बेटावर कोणी मासळी विकत फिरत नाही.

कारण हवंय तुम्हाला.
मृत्यूच्या दाखल्यावर रकाना असतो ना,
त्यात मावेल एवढं.
पाळकांना वाटतं, पुस्तकं.
माझ्या बहिणीला वाटतं, ग्लासगोत काढलेली दोन वर्षं.
दुकानातल्या बेल-ॲनला वाटतं, बाई.
बाई! या गुडघ्यांनी!

तेवीस वर्षं मी ओळ दिली.
पेटी नाही, बाजा नाही, नुसता गळा.
मी एकट्यानं ओळ सोडायची
आणि मागून दोनशे माणसांनी ती उचलायची,
ज्यानं त्यानं आपापल्या वळणानं,
खडकांत शिरताना लाट शंभर जागी फुटते
तरी एकच असते, तशी.
तेव्हा वाटायचं, आहे. असणारच.
रिकाम्या खोलीत इतका आवाज कोण करेल?

माझी आई शोनाग. तू तिच्या हातचं खाल्लंयस.
उभ्या जन्मात तिनं प्रभुभोजन घेतलं नाही.
मेजावर पांढरं कापड, भाकर, प्याला,
आणि ती मागच्या बाकावर, हातमोजे मांडीत,
माझी लायकी नाही म्हणत.
खिळलेल्या दिराच्या चादरी
जिनं अकरा वर्षं धुतल्या,
रविवारची तेवढी सोमवारी.

शेवटच्या आठवड्यात तिनं माझं मनगट धरलं.
"टॉर्मोड, मी निवडलेल्यांत आहे का रे?"
एक्क्याण्णव वर्षांची बाई,
निकालाच्या दिवशी शाळेच्या दारात थबकलेल्या पोरीसारखी.
मी म्हणालो, आहेस.
मला कुठून माहीत?
पण खोटं बोलल्यासारखंही वाटलं नाही.
मी निवडलं होतं तिला. तेवढंच माझ्या हातात होतं.

थांब, हे लिहून घेऊ नकोस, हेही कारण नाही.
तेव्हा मी नुसता चिडलो होतो,
आणि चिडायला समोर कोणीतरी लागतं.
दोन वर्षं मागावर बसून मी त्याच्याशी भांडलो,
धोटा इकडून गेला की एक शिवी,
तिकडून आला की दुसरी.
तोवर मी तुझ्याहून धार्मिक होतो, फिनले.

मग मार्चातला एक मंगळवार.
धागा तुटला. गाठ मारली.
पुढची शिवी द्यायला मान वर केली
तर समोर पत्र्याची भिंत,
खिळ्याला टांगलेली कात्री.

बस.
वीज कडाडली नाही की पडदा फाटला नाही.
पुढे कितीतरी दिवस जीभ तिथे जात राहिली,
पडलेल्या दाताच्या जागी जाते तशी.

सुटल्यासारखं वाटलं का, म्हणतोस.
नाही रे.
आई कुठे आहे ते आता मला पक्कं माहीत आहे,
किनाऱ्यालगतच्या वाळूत, तटाच्या भिंतीपासून तिसरी.
हे माहीत असणं काही सोपं नाही.
पण ती आता घाबरलेली नाही.
दिवा मालवताना मी तेवढं धरून असतो.

उद्याची काळजी करू नकोस.
मी कपडे वाळत घालणार नाही,
म्हातारी ऑयरिक खिडकीत बसलेली असते, तिला लागेल ते.
मागही झाकलेला राहील.
बटाटे मात्र सोलीन.
वारा पश्चिमेचा असला की अकराच्या सुमारास
तुमचं स्तोत्र इथे चुलीपर्यंत येतं,
आणि सुरी हातात असताना मी ते उचलतो.
गळ्याला अजून कुणी कळवलेलं नाही.

तो नवा पोरगा आवाजाचा चांगला आहे.
पण घाई करतो. सांग त्याला.
ओळ संपली की लगेच पुढे जायचं नसतं,
लोक येईपर्यंत थांबायचं असतं.